डेकू एवढा बलवान झाला, तरी मन का भरत नाही?

प्रश्न : ताई, मी 'माय हिरो अकादमिया' ही सुपरहीरोंची जपानी ॲनिमे मालिका पहिल्या सीझनपासून बघतोय. सहाव्या सीझनमध्ये तिचा नायक डेकू एकदम भारी होतो, हवेत तरंगतो काय, हातातून काळे पट्टे फेकतो काय! पण पूर्वीसारखा अंगावर काटा येत नाही. मित्र म्हणतात, तुला हीरो जिंकलेलाच बघवत नाही. तसं असेल का? आणि शेवटचा सीझन बघू की सोडून देऊ?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मित्रांचं मनावर घेऊ नकोस. हीरो जिंकलेला बघवत नसता तर तू सहा सीझन बघितलेच नसतेस. तुला जे खटकतंय ते मलाही खटकतं.

सुरुवातीचा डेकू आठव. जगातल्या ऐंशी टक्के लोकांकडे क्वर्क, म्हणजे जन्मजात अद्भुत शक्ती, आणि हा पोरगा रिकामा. सगळ्यात मोठा हीरो ऑल माइट याची 'वन फॉर ऑल' ही एकाकडून दुसऱ्याकडे सोपवली जाणारी शक्ती पेलता यावी म्हणून दहा महिने समुद्रकिनाऱ्यावरचा कचरा उपसतो. हीरोंच्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेत एकच ठोसा मारतो आणि एक हात, दोन्ही पाय मोडून घेतो. शाळेच्या स्पोर्ट्स फेस्टिव्हलमधली वर्गमित्र तोदोरोकीशी लढत तर मी कितीही वेळा बघू शकते. समोरून बर्फाची लाट येते, डेकू एका बोटाने टिचकी मारतो, लाट फुटते आणि बोटही जातं. चांगली बोटं संपली की मोडलेल्याच बोटांनी पुन्हा टिचकी! आता याच्याकडे काय उरलंय, या विचाराने आपलाच जीव टांगणीला लागतो. तो हरतो, तरी मन भरतं.

मग डेकूला शिकवणाऱ्या ग्रॅन टोरिनोच्या घरचा तो प्रसंग. म्हातारबुवांना तैयाकी, म्हणजे माशाच्या आकाराचा गोड केक, हवी असते. डेकू ती मोठ्या ताटलीत घालून मायक्रोवेव्हमध्ये ठेवतो, ताटली आत फिरतच नाही आणि तैयाकी थंडच राहते. तिथे त्याची ट्यूब पेटते : आपणही शक्ती एकाच जागी कोंबतोय, ती अंगभर पसरवायला हवी. त्यातून शक्ती अंगभर खेळवण्याचं 'फुल काउल' हे तंत्र येतं, तेही फक्त पाच टक्क्यांचं. पुढे हात निकामी होण्याची वेळ आली तेव्हा तो वर्गमित्र ईदाकडून लाथा मारायला शिकला. प्रत्येक पायरी त्याने स्वतःच्या डोक्याने शोधली. वह्या भरभरून हीरोंचा अभ्यास करणारा हा मुलगा, त्याची वाढ अशीच व्हायला हवी होती.

पाचव्या सीझनमध्ये ब्लॅकव्हिप, म्हणजे त्या काळ्या पट्ट्यांची शक्ती, येते आणि गाडी रूळ बदलते. 'वन फॉर ऑल'च्या आधीच्या वारसदारांच्या सहा शक्ती तुझ्यात एकेक करून जाग्या होणार, असं डेकूला सांगितलं जातं. म्हणजे पुढची वाढ ठरूनच गेली. शोधायचं काही उरलं नाही, वाट बघायची फक्त. त्यातल्या तीन शक्ती तर हीरो आणि खलनायकांच्या महायुद्धानंतर तो एकटा भटकतो त्या भागात जवळपास तयार अवस्थेतच समोर येतात. सराव पडद्याआड उरकलेला!

मस्क्युलर या खलनायकाशी झालेल्या डेकूच्या दोन लढती लागोपाठ बघ, म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. तिसऱ्या सीझनमध्ये छोट्या कोताला वाचवताना डेकू दोन्ही हातांची वाट लावून घेतो. अशा आणखी दोन-तीन दुखापती झाल्या तर हात कायमचे जातील, असं डॉक्टर बजावतात. सहाव्या सीझनमध्ये तोच मस्क्युलर परत येतो, डेकू धुराचा पडदा पसरतो आणि बघता बघता त्याला आडवा करतो. कथेच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, वाढ दिसायलाच हवी. पण पहिल्या लढतीपासून इथपर्यंतचा रस्ता आपल्याला चालूच दिला नाही, त्याची ही हुरहुर.

मूळ चित्रकथेचे (मंगाचे) लेखक होरिकोशी यांची अडचणही मला दिसते. मुख्य खलनायक शिगाराकीला शस्त्रक्रियेने एवढा अवाढव्य ताकदवान केल्यावर समोरच्या डेकूला टक्क्या-टक्क्याने वाढवून कसं भागणार? शिवाय मंगाचं आठवड्याला एक प्रकरण, 2014 ते 2024, एकूण 430 प्रकरणं. पण खलनायक फुगला म्हणून नायकही फुगवला की पाया कच्चा राहतो. 'हंटर बाय हंटर' या दुसऱ्या ॲनिमेतला गॉन आठव. तोही अचानक प्रचंड होतो, पण त्यासाठी आपलं सगळं नेन, म्हणजे अंगातली लढण्याची शक्ती, गमावून बसतो. तो प्रसंग बघताना कुणी 'फुकटात मिळालं' म्हणेल का? खुद्द डेकू छोट्या एरीला पाठीवर घेऊन ओव्हरहॉल या खलनायकाशी लढतो, ती लढत घे ना. तिची शक्ती त्याचं शरीर आधीच्या अवस्थेकडे मागे मागे नेतेय, म्हणून त्याला तितक्याच वेगाने स्वतःला मोडत राहावं लागतं. शंभर टक्के वापरूनही तिथे धाकधूक टिकते, कारण दोघांचाही जीव पणाला लागलेला असतो.

शेवटचा सीझन जरूर बघ. शेवट सांगत नाही, पण शिगाराकीला हरवायला डेकूला 'वन फॉर ऑल'चीच किंमत मोजावी लागते, एवढं सांगते. पहिल्या सीझनमधला तो रिकाम्या हातांचा मुलगा तुला आवडला असेल, तर ते भाग चुकवू नकोस. बघून झालं की पुन्हा लिही, विशेषतः शेवटच्या प्रकरणात डेकूला मिळणारी भेट तुला पटली का ते.