धुक्याच्या दिवसांत पाचवडहून साताऱ्याला दुचाकीने जावं, की घरून काम मागावं?

पूर्ण महिना घरून काम मागू नका, सकाळचे दोन तास मागा. तुम्ही लिहिलंय, डिसेंबर-जानेवारीत सातच्या आत निघावं लागतं आणि थंडी-धुकं सोसवत नाही. मी भुईंजकडून साताऱ्याच्या एमआयडीसीत हिशेबाच्या कामाला गेली आठ वर्षं याच रस्त्याने जातोय, म्हणून सांगतो.

थंडीचं एवढं काही नाही. कानटोपी, हातमोजे आणि स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्र घेतलं की भागतं. जीव जातो तो धुक्यात. आभाळ निरभ्र असलं की रात्री जमीन निवते, गार हवा खोऱ्यात तळाला बसते. त्यात कृष्णेचा आणि भिजवलेल्या उसाचा ओलावा. त्यामुळे माळावर लख्ख दिसतं आणि पुलापाशी आलात की पुढचं सगळं गायब.

आणि नेमका हाच साखर कारखान्यांचा गाळप हंगाम, म्हणजे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत पावणेसातला मी पुलाच्या अलीकडे होतो. हेल्मेटच्या काचेवर दव, हाताने पुसत चाललेलो. आधी ओल्या उसाचा वास आला, आणि लगेच उसाच्या हिरव्या वाढ्यांचे शेंडे तोंडासमोर. ट्रॅक्टरची डबल ट्रॉली होती, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. गाडी डावीकडे मुरुमात घातली आणि पडलो. गुडघा फुटला, तेवढ्यावर निभावलं. पण हातांची थरथर अर्धा तास थांबली नाही. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. दाट धुक्यात ५०-६० मीटरवरचंच दिसत असेल, तर ब्रेकवर पाय जाईपर्यंतच त्यातले १५-२० संपलेले असतात.

त्यानंतर मी तीन आठवडे घरूनच काम केलं. जमलं नाही. लाइट गेली की नोंद अर्धवट, बिलांच्या फायली ऑफिसात, आणि माणूस घरात दिसला की डेअरीला दूध घालण्यापासून मोटर चालू करण्यापर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात. मग साहेबांशी बोललो. आता धुक्याच्या दिवशी सात ते नऊ घरी बँकेचा ताळमेळ आणि मेल उरकतो, साडेनऊला निघतो. तोवर ऊन वर येतं आणि धुकं बहुतेक विरतं. विनंती करताना ‘थंडी वाजते’ म्हणू नका. त्या दोन तासांत कोणतं काम पुरं करून देणार, ते लिहून द्या.

पहिल्या पाळीला मशीनवर उभं राहणाऱ्यांना हे कुणी देत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या कामगारांसाठी कंपन्यांनी धुक्याच्या महिन्यांत पाळीची वेळ पुढे न्यायला हवी. माझा शेजारी त्यातलाच. हिवाळाभर तो गाडी घरी ठेवून एसटीने जातो. तुम्हालाही निघावंच लागलं तर तेच करा. आणि गाडी काढलीच तर हेडलाइट लो-बीमवर ठेवा, हाय-बीमचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो.

निघायचं की नाही, हे मी सकाळी दार उघडून ठरवतो. आमच्या अंगणातून विजेचे तीन खांब दिसतात. तिसरा दिसत नसेल तर लॅपटॉप उघडतो. दुसराही दिसत नसेल, तर साहेबांना आधीच कळवून टाकतो की आज अकरा वाजतील.