फियाटला हात लावण्याआधी पत्रा टोचून बघ

भावा, लातूरला पडवीत धूळ खात पडलेली पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट गाडी, घेतलीस, चांगलं केलंस. पण लगेच इंजिन खोलायला बसू नको. १०८९ सीसीचं ते साधं इंजिन कुठलाही जुना मिस्त्री करून देईल. खरं दुखणं पत्र्याचं. या गाडीला वेगळी चासी नाही, सगळा भार बॉडीच पेलते. खालचा पत्रा न् दारांखालच्या पट्ट्या गेल्या असतील तर वरून रंग कितीही चकाकू दे, गाडी कुजकीच. मॅट उचल, स्क्रू-ड्रायव्हरनं टोच. आत घुसला की तेवढा भाग कापून नवा जोडायचा. वर डांबर थापून झाकाझाकी नको.

मी हौसेनं मुंबईहून जुनी दारं आणली होती, आतून नुसता गंज! आपल्याकडच्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो, रबर मात्र उन्हानं तडकतं. म्हणून दारं, बॉनेट इकडच्याच भंगारातून उचल. काचांची रबरं नवी घे. ब्रेकचे होज (रबरी नळ्या), वॉशर तर नवेच, तिथं काटकसर अजिबात नाही.

इंजिन जाम असेल तर धक्का मारू नको. प्लग काढ, भोकांतून थोडं डिझेल सोड, दोन-चार दिवस थांब, मग पान्यानं हळूहळू फिरव. सुटलं की ऑइल बदल.

दुसरं इंजिन बसवलंस तर पावती जप, आरसीत नव्या नंबरची नोंद लागते. आणि स्टिअरिंगवरचा गिअर खडखडला तर गिअरबॉक्स उतरवू नको, आधी गिअरच्या दांड्यांची बुशं, म्हणजे सांध्यांतल्या झिजणाऱ्या कड्या, बघ.