खिडकीतल्या काचेवरचा समुद्र : आधी उजेडाची दिशा ठरवा

वेंगुर्ल्याहून आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत : ॲक्रिलिक शीट सोडून जुन्या खिडक्यांच्या काचांवर निसर्गचित्रे रंगवणे पर्यावरणाच्या दृष्टीने योग्य ठरेल का, आणि आपले चित्र खिडकीत टांगल्यावर त्यातले पांढरे ढग काळपट का दिसतात. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पुढचे बहुतेक निर्णय त्यावरच ठरतात.

टायटेनियम व्हाइट हा ढगांसाठी वापरला जाणारा पांढरा रंग अपारदर्शक आहे. भिंतीवर तो समोरचा उजेड परतवतो म्हणून पांढरा दिसतो. उजेड मागून आला की तोच थर त्याला अडवतो. त्यामुळे पश्चिमेच्या खिडकीसाठीच्या चित्रात ढगाची उजळ कड रंगवायची नसते, तिथली काच मोकळी सोडायची असते. पाण्यासाठी थॅलो ब्लूसारखे पारदर्शक रंग पातळ थरांत वापरावेत. आपल्याकडच्या जांभ्याची माती वस्त्रगाळ करून घोटली तर तिचा लोहयुक्त तांबडा रंग उन्हात टिकतो, पण ती उजेड अडवते, म्हणून ती किनाऱ्यावरचे खडकाळ कडे आणि होड्या यांच्यापुरतीच ठेवावी. हळद आणि कोकम यांचे रंग नैसर्गिक असले तरी उन्हात लवकर उडतात. खिडकीतल्या चित्रात मी ते मुळीच वापरणार नाही.

चित्र भिंतीवरच लावायचे असेल, तर अठराव्या शतकात चिनी कारागिरांमार्फत भारतात रुजलेली उलट काचचित्राची पद्धत आहेच : काचेच्या मागून, डावे-उजवे उलटवून, आधी जवळचे बारकावे आणि शेवटी आकाश.

आता पृष्ठभागाविषयी. ॲक्रिलिक शीट खनिज तेलापासून बनते आणि तिच्यावर लवकर चरे पडतात. वाड्याच्या दुरुस्तीत निघालेले तावदान पुन्हा वापरले तर नवी काच वितळवण्याचे इंधनही वाचते, म्हणून माझा कौल निःसंशय त्यालाच आहे. मात्र भंगारात एकमेकींना चिकटून ओल्या राहिलेल्या काचांवर पांढुरके डाग धरतात. ते धुऊन जात नाहीत, अशा काचा घेऊ नयेत.

गुळगुळीत काचेवर रंगाला पकड मिळत नाही, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत ॲक्रिलिक रंगाचा पापुद्रा कडेपासून सुटतो. यावर उपाय म्हणजे कार्बोरंडमची (सिलिकॉन कार्बाइड या कठीण पदार्थाची) पूड आणि पाणी घालून काचेच्याच दुसऱ्या तुकड्याने एक बाजू गोलाकार घासणे. ती कोरडी घासू नये, कारण ती धूळ फुप्फुसांना घातक असते. घासलेली काच दुधाळ होते, पण जवसाच्या तेलातला रंग जिथे लागतो तिथे ती पुन्हा स्वच्छ होते, कारण तेल आणि काच प्रकाशाला जवळजवळ सारखेच वाकवतात. त्यामुळे न रंगवलेला भाग सकाळच्या धुक्यासारखा राहतो आणि रंगवलेले पाणी खोल दिसते. किनाऱ्याच्या चित्रकाराला याहून अनुकूल पृष्ठभाग माझ्या माहितीत नाही. डिंकात घोटलेले रंग मात्र टाळावेत, कारण डिंक ओल धरतो आणि त्यावर बुरशी येते. लाखेचे रोगणही दमटपणात पांढुरके पडते.

रंगवलेली बाजू घराच्या आत ठेवावी. तिच्यामागे संरक्षक काच लावायची असल्यास मध्ये पट्टी घालून फट ठेवावी आणि चौकटीला खाली बारीक छिद्रे पाडावीत, म्हणजे आत साचलेली ओल निघून जाईल. 4 मिलिमीटर काचेचे वजन दर चौरस मीटरला सुमारे 10 किलो भरते, तेव्हा 60 बाय 45 सेंटिमीटरचे चित्रही चौकटीशिवाय पावणेतीन किलोंच्या आसपास जाईल; ते टांगायला सुतळी किंवा साधी लोखंडी तार न घेता, खाऱ्या हवेत न गंजणारी स्टेनलेस स्टीलची तार आणि आकडे घ्यावेत.