दोनदा रेग्युलेटर बदलूनही जुनं सेस्ना चार्जिंग का करत नाही?

तिसरा रेग्युलेटर (जनरेटरचं व्होल्टेज ताब्यात ठेवणारा डबा) मागवू नका. तुम्ही इथे विचारलंय: तुमचं छोटं विमान, सेस्ना १७२, हे १९५९ चं, १२ व्होल्टचं, जनरेटरवालं. बॅटरी नवी, रेग्युलेटर दोनदा बदललेला, तरी ॲमीटरचा (करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा डिस्चार्जकडेच. हे वाचून लिहायला बसलो, कारण याच दुखण्यावरून दाबोळीला माझं एकाशी चांगलंच वाजलं होतं.

मी ‘हंसा’वर, म्हणजे दाबोळीच्या नौदल विमानतळावर, नौदलाच्या आलिझे विमानांच्या इलेक्ट्रिकलला होतो. निवृत्तीनंतर वास्कोलाच राहिलो. एका मालकाचं असंच जुनं सेस्ना पावसाळाभर उघड्यावर उभं होतं. चवथीच्या सुमारास चालू केलं, तर चार्जिंग नाही. त्यांनी आधी आमच्या नौदलातल्या एका निवृत्त चीफना बोलावलं. चीफ सावंतवाडीकडचे, हात कसबी, पण पद्धत एकच: बदला आणि बघा. बॅटरी बदलली, रेग्युलेटर बदलला. जनरेटर उतरवायची वेळ आली तेव्हा मालकांनी मला फोन केला.

मी म्हटलं, “चीफसाहेब, आधी मीटर लावू.”

“मीटर काय वेगळं सांगणार? काटा दिसतोय ना!”

मीटरने बरंच सांगितलं. इंजिन १५०० आरपीएमला असताना जनरेटरच्या ए टर्मिनलवर, म्हणजे वीज बाहेर येते त्या टोकावर, जेमतेम दीड व्होल्ट. म्हणजे आर्मेचर (आत फिरणारी गुंडाळी) ठीक, कार्बन ब्रश टेकलेले, लोखंडात उरलेलं चुंबकत्वही शाबूत; फक्त फील्डला (चुंबकत्व वाढवणाऱ्या कॉइलला) करंट मिळत नव्हता. इंजिन बंद करून रेग्युलेटरची एफ, म्हणजे फील्डची, वायर सोडवली, तिला लांब वायर जोडून केबिनमध्ये घेतली आणि पुन्हा इंजिन चालू करून तिचं टोक क्षणभर अर्थला (विमानाच्या धातूच्या बॉडीला) टेकवलं. व्होल्टेज झपकन वर गेलं. जनरेटर निर्दोष!

या डेल्को कंपनीच्या पद्धतीत फील्डला अर्थ मिळतो तो रेग्युलेटरमधून, आणि रेग्युलेटरला त्याच्या पायातून. रेग्युलेटर खोलला, तर पायाखालची अर्थची पट्टी हिरवी पडलेली आणि फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) स्क्रूच्या जागी रंगाचा थर. जनरेटर बॅटरीला जोडणाऱ्या कटआउट रिलेच्या कॉइललाही तोच अर्थ लागतो, म्हणून तोही ओढत नव्हता. नवा रेग्युलेटर त्याच रंगावर बसवला होता, तो काय करणार? समुद्राची हवा तांब्याला सोडत नाही. बोगमाळोच्या नौदल म्युझियममध्ये उघड्यावर उभ्या विमानांची निगा राखणाऱ्यांना विचारा.

जागा चकचकीत होईपर्यंत घासली, पट्टी बदलली, स्क्रू आवळले. काटा चार्जकडे. चीफ म्हणाले, “जुना रेग्युलेटर गेलेलाच होता, नवा टाकला म्हणून चाललं.” मी तिथेच जुना परत बसवून दाखवला. तोही १४ व्होल्टच्या आसपास देत होता. तरी आजही वास्कोत चारचौघांत ते सांगतात की काम नव्या रेग्युलेटरने झालं. हे मला मान्य नाही. न मोजता सुटा भाग बदलणं ही दुरुस्ती नव्हे, मालकाच्या खिशाला लावलेली कात्री आहे.

तेव्हा इंजिन चालू ठेवून रेग्युलेटरच्या बेसपासून इंजिनच्या केसिंगपर्यंत व्होल्टेज मोजा. शून्याच्या जवळपास हवं. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर चोर तिथेच. स्टार्टरही मंद फिरत असेल तर इंजिन आणि बॉडीमधली अर्थची वेणी बघा. इंजिन रबरावर बसलेलं असतं, सगळा करंट त्या वेणीतूनच परततो.

आयडलवर (इंजिन अगदी हळू चालताना) काटा डिस्चार्जकडे असेल तर घाबरू नका, जनरेटर त्या वेगाला चार्ज करतच नाही. ए टर्मिनलवर पूर्ण शून्य असेल तर मात्र ब्रश आणि ते ज्यावर घासतात तो कम्युटेटर बघा.

एक राहिलं. काही जनरेटरमध्ये फील्डचं एक टोक आतच अर्थ केलेलं असतं. तिथे एफ अर्थ करायची माझी तपासणी चालत नाही, म्हणून आधी वायरिंग डायग्राम बघा. मीटरच्या वायरी प्रोपेलरपासून लांब, आणि चालू इंजिनच्या पुढे कोणीही नको. लॉगबुकवर सही परवानाधारक इंजिनियरचीच हवी. मॅग्नेटोमुळे (ठिणगीची वीज स्वतःच बनवणाऱ्या यंत्रामुळे) इंजिन बॅटरीशिवाय चालतं खरं, पण रेडिओ आणि दिवे जातात, त्यामुळे हे सुटेपर्यंत उडू नका.

पहिला रेग्युलेटर फेकला नसेल तर अर्थ साफ करून तोच परत लावा. चार्जिंग आलं तर इथे आकड्यासकट लिहा, मी चीफना वाचून दाखवीन.