टपाला काळं रॅप, घरी जमेल का?

प्रश्न : दादा, माझी पांढरी हॅचबॅक आहे, ९ वर्षं झाली. टपाला चकचकीत काळं रॅप (रंगावर चिकटवायची प्लास्टिक फिल्म) करायचंय. दोन वर्षांपूर्वी इथल्याच एका दुकानात करून घेतलेलं, पहिल्याच उन्हाळ्यात कडा आखडल्या, खालचा गोंद उघडा पडून त्यात धूळ बसली, आणि शेवटी ओढून काढलं तर पुढच्या काचेजवळ रुपयाएवढा क्लिअर कोटच (रंगावरचा पारदर्शक थर) निघून आला. आता मी आणि भाऊ मिळून घरीच करावं म्हणतोय. तेव्हा काय चुकलं असेल? आणि आम्हाला जमेल का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : जमेल. गाडीवर रॅप शिकायला टपासारखी जागा नाही, मोठं, जवळजवळ सपाट, बंपरसारखे कोपरे नाहीत. पण आधी मागचं समजून घ्या, नाहीतर तेच परत होईल.

तुमच्या वर्णनावरून ती कॅलेंडर्ड शीट असावी. ही गरम रोलरमधून लाटून काढतात, त्यामुळे ताण आतच राहतो. मैद्याची पोळी लाटून ठेवली की मागे आक्रसते ना, तसंच, फक्त इथे जळगावचं ऊन ते काम करतं. कास्ट फिल्मचं धिरड्यासारखं असतं, पातळ ओतायचं आणि भाजायचं, लाटणं नाहीच म्हणून आक्रसणं फार कमी. महाग पडते पण टपाला कास्टच घ्या, आणि हवा बाहेर जायला गोंदात बारीक खाचा असतात तीच मागा. रोल १५२ सेंटीमीटर रुंद येतो, हॅचबॅकला मधे जोड लागत नाही.

जिथे क्लिअर कोट निघालाय तिथे तसंच चिकटवू नका, फिल्म रंगाला धरते आणि रंगच सुटा असेल तर ती कशाला धरणार. पेंटरकडून तेवढं करून घ्या आणि मग निदान महिनाभर थांबा, ताज्या रंगातून सॉल्व्हंट उडत असतो, तो फिल्मखाली कोंडला की फोड येतात.

आता तयारी, आणि हिला चिकटवण्यापेक्षा जास्त वेळ द्या हे मी अगदी कळकळीने सांगतोय. गाडी धुवा, क्ले बारने (रुतलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी) टप घासा, हात फिरवला की काचेसारखं लागलं पाहिजे, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा म्हणजे जुनं वॅक्स, पॉलिश जाईल (सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं). अँटेना काढा. टपाच्या दोन्ही बाजूंच्या खाचेत काळी रबरी पट्टी असते ती हळू उचला, क्लिपा तुटतात म्हणून चार जास्तीच्या आधीच आणून ठेवा. फिल्मची कड या पट्टीखाली गेली की कापलेलं दिसतही नाही आणि उचलतही नाही. पुढेमागे काचेच्या बाजूला मात्र ब्लेड रंगावर चालवू नका, नाइफलेस टेप मिळते, आत दोरा असतो, तो ओढला की फिल्म कापली जाते. ब्लेडचा ओरखडा पत्र्यापर्यंत गेला तर पुढे तिथे गंज धरतो.

दिवस थंडीतला निवडा, २०–२५ अंश, बंद शेड, पंखा बंद, फरशीवर पाणी शिंपडलेलं. मे महिन्यात करूच नका, फिल्म मऊ पडते आणि गोंद टेकताक्षणी धरतो. दोघांनी चादरीसारखी धरून अलगद टेकवा, मग फेल्ट (नमद्याचं कापड) लावलेल्या स्क्वीजीने, म्हणजे फिल्म दाबायच्या प्लास्टिकच्या पट्टीने, मधून कडेकडे, प्रत्येक ओढ आधीच्या ओढीवर अर्धी. साबणाचं पाणी मारू नका, ते पीपीएफला (रंग वाचवायची जाड पारदर्शक फिल्म), ही फिल्म कोरडीच लावायची. सुरकुती आली तर दाबत बसू नका, उचला, हीट गनने थोडं गरम करा, फिल्म आपोआप मूळ आकारात येते. कडेला ओढून ताणायचं नाही, सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. शेवटी सगळ्या कडा परत गरम करायच्या, बहुतेक कास्ट फिल्मना ९०–१०० अंशांच्या आसपास, नेमका आकडा फिल्मच्या माहितीपत्रकात असतो, इन्फ्रारेड थर्मामीटरने बघत करा.

आठवडाभर प्रेशर वॉशर नको. पक्ष्यांची घाण दिसली की लगेच पुसा. टपावर ऊन सरळ पडतं म्हणून दरवाजांपेक्षा टपाची फिल्म लवकर म्हातारी होते, ती कडक होऊन तुकड्यांत निघायच्या आधीच गरम करून, खाली दुमडत, हळू काढा. तुमचा क्लिअर कोट गेला तो गार फिल्म हिसकल्यामुळेच गेला असावा.

आणि एक, पांढऱ्यापेक्षा काळं टप ऊन खूप जास्त शोषतं. गाडी दिवसभर उघड्यावर उभी राहत असेल तर घरात एकदा बोलून घ्या.

प्रश्न : फक्त टपाचा रंग बदलला तर आरसीचं काय?
– तेच वाचक

उत्तर : आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो, पूर्ण गाडीचा बदलला तर नोंद बदलावी लागते. फक्त टप असेल तरी फिल्म विकत घ्यायच्या आधी तुमच्या आरटीओत विचारा, आणि विम्यावाल्यालाही लेखी कळवून ठेवा.