आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत अर्जापासून निकालापर्यंत नेमकं कशावर लक्ष ठेवायचं?

खरी गाळणी अर्जाच्या वेळीच लागते. नव्या उमेदवारामागे किमान 20 खासदार किंवा 4 स्थानिक परिषदा लागतात. म्हणून 2025 मध्ये मतपत्रिकेवर फक्त तीन नावं आली. त्यातही फियाना फॉल या पक्षाच्या जिम गॅव्हिन यांनी प्रचारातून मध्येच माघार घेतली, पण मुदत उलटल्याने नाव छापलं गेलंच आणि 7 टक्के मतंही पडली! मतदान 24 ऑक्टोबरला. तिथे शिक्का नाही, पेन्सिलीने 1, 2, 3 असा पसंतीक्रम लिहायचा. मोजणी दुसऱ्या दिवशी. विजयी उमेदवार कॅथरीन कॉनली यांना पहिल्याच फेरीत 63 टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्त मतं मिळाली, त्यामुळे दुसऱ्या पसंतीपर्यंत जावंच लागलं नाही. बाद मतं मात्र जवळपास 13 टक्के. माझ्या मते खरी बातमी तीच.