प्रभावी आणि अप्रभावी अलील: सुरुवात कुठून करावी?

पुण्यात अकरावी-बारावीच्या मुलांना अनेक वर्षे जीवशास्त्र शिकवत असल्याने प्रभावी आणि अप्रभावी अलील समजून घ्यायला सुरुवात कुठून करावी, ही तुमची अडचण ओळखीची वाटली. अलील म्हणजे जनुकाचे एक रूप; प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एकेका पालकाकडून एक. एकाच प्रतीने गुण दिसला तर अलील प्रभावी, दोन्ही प्रती तशाच लागल्या तर अप्रभावी. पनेटचा चौकोन (संततीत कोणती अलीले येतील ते मांडणारा तक्ता) काही दिवस बाजूला ठेवा आणि प्रत्येक अलीलविषयी एवढेच विचारा: यापासून कोणते प्रथिन तयार होते, आणि ते काम करते का?

मंडईतला वाळका पांढरा वाटाणा गोल असतो, तर गोड हिरव्या वाटाण्याच्या अनेक जातींचे दाणे वाळले की सुरकुततात. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलच्या सुरकुतलेल्या वाटाण्याचे कारण १९९० साली उलगडले: स्टार्चच्या रेणूला फांद्या जोडणाऱ्या विकराच्या (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकात सुमारे ८०० बेसजोड्यांचा (डीएनएच्या घटकांच्या जोड्यांचा) तुकडा घुसलेला असतो. विकर निकामी झाल्याने स्टार्च कमी बनतो, साखर साचते, तिच्यामुळे दाण्यात पाणी जास्त शिरते आणि वाळताना साल आक्रसते. जनुकाची एक प्रत शाबूत असली, तरी दाणा गोल राहण्याइतके विकर तयार होते.

नवशिक्यांच्या चुका बहुधा याच:

- प्रभावी अलील दुसऱ्याला दाबून टाकते, असे मानणे. बहुतेकदा अप्रभावी अलीलपासून कामाचे प्रथिनच बनत नाही.
- प्रभावी म्हणजे चांगले किंवा सर्रास आढळणारे, असे समजणे. हंटिंग्टनचा विकार (मेंदूचा एक गंभीर आनुवंशिक आजार) प्रभावी अलीलमुळे होतो. ‘ओ’ रक्तगट अप्रभावी असूनही घरोघरी सापडतो.

एकाच प्रतीने न भागणारी जनुके तूर्त सोडून द्या. मात्र संकरित (एक प्रत शाबूत, एक निकामी असलेल्या) गोल दाण्यातील स्टार्चचे कण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही शुद्ध जातींच्या मधले दिसतात, हे आताच टिपून ठेवा.